लाल रेघा शून्य

सोमवार, ३ मार्च. सकाळी ९.१०
आजपासून नवा मी. बेटावर जाणाऱ्या फेरीबोटीची बुकिंग साइट शुक्रवारी सुरू. ती नीट चालली तर टीम लीड मी, नाहीतर शेजारच्या टेबलावरची लोसा. बॉस ब्रॉनविननं हे सगळ्यांसमोर सांगितलं. संकल्प: पानावरचं प्रत्येक बटण कोडमध्ये पकडण्याआधी ते तिथे आहे का, हे तपासायचं. एकही सोडायचं नाही.

दुपारी ३
कॉम्प्युटरची कोड-तपासणी कडक केली. कोडखाली २१२ लाल रेघा. प्रत्येकीची तक्रार एकच: हे पानावर नसलं तर? फार संशयी कॉम्प्युटर.

मंगळवार
अकरा रेघा रीतसर मिटवल्या. दिवस गेला. बसवत नाही.

संध्याकाळी ५.४०
तोड सापडली! कोडमध्ये बटणाच्या नावापुढे उद्गारचिन्ह टाकलं की कॉम्प्युटर गप्प. अर्थ: आहे रे बाबा, माझी हमी. नऊ वर्षं होबार्टमध्ये साइट बनवतोय, हमी मी नाही देणार तर कोण?

बुधवार
लाल रेघा शून्य. उद्गारचिन्हं २०१. लोसा कोड बघून म्हणाली, काय रे, कोड लिहिलायस की भांडण? जळते बिचारी. वर म्हणाली, आपला डिझाइनवाला डंकन फोनसाठीचं पान बदलतोय, एकदा फोनवर उघडून बघ बाबा. बघणार. उद्या नक्की.

गुरुवार
बघणारच होतो. पण सकाळपासून काही सुचेना. तीनदा कॉफी, शिंपल्यांचं सारण भरलेले दोन पाय-पॅटिस. लीड झाल्यावर कुठे बसायचं ते ठरवलं. खिडकीशी. फोन चार्जिंगला होता.

शुक्रवार, ७ मार्च. सकाळी ८.०५
साइट सुरू. माझ्या कॉम्प्युटरवर झकास.

८.३०
फोनवर काहीच होत नाही म्हणे. लोकांचे फोन जुने असतील.

९.१५
फोन नवे आहेत. डंकननं फोनच्या पानावरून ‘तिकीट छापा’ हे बटण काढलं होतं. फोनवरून छापतंय कोण, असं त्याचं म्हणणं. मी हमी दिलेलं ते एक बटण सापडलं नाही आणि पुढचा सगळा कोड तिथेच आडवा. लाँग वीकएंड. धक्क्यावर गाड्यांची रांग, ब्रॉनविन स्वतः उभी राहून कागदावर नावं लिहितेय.

दुपारी १
लोसानं वीस मिनिटांत दुरुस्त केलं. लीड लोसा.

नंतर तिनं मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, एकदा तरी फोनवर उघडलं होतंस का? नाही म्हणालो. ती हसेल, टोमणा मारेल म्हणून थांबलो. तिनं साइट उघडून आपला फोन माझ्या हातात दिला. फार लाज वाटली.