डाव्या डोळ्याची आखणी

सुजय,

मी खाली सोसायटीच्या बागेत बसले आहे. फोन घरीच आहे. भात कुकरमध्ये आहे, आमटी तेवढी गरम करून घे.

चौदा महिने वाट पाहून आलेला तुझा सुपरहिरोचा पुतळा काल उघडलास आणि "फोटोत सरळ बघतो, इथे तिरळा आहे यार," म्हणून न जेवता झोपलास. मला राहवलं नाही. सरोजिनीनगरच्या क्वार्टरमध्ये होतो तेव्हापासून एकतीस वर्षं मंडळाच्या गणपतीचे डोळे मीच आखते. बाकीचे रंग वाळले की सगळ्यांत शेवटी. तुझे आजोबा तोवर पंखासुद्धा लावू देत नसत. म्हटलं, याचा एक डोळा तो काय!

आज दुपारी जुना बारीक कुंचला काढला. पुतळा परत न्यायला आजच माणूस येणार, हे मला ठाऊक नव्हतं. तो आला तेव्हा रंग ओला होता. "अम्माजी, इस पर तो पेंट लगा दिया आपने, अब वापस नहीं होगा," म्हणाला आणि गेला.

आता पुतळा आधीपेक्षा जास्तच तिरळा दिसतो. घाई केली नव्हती रे, हात थरथरला. दिवाळीपासून थरथरतो. तुम्हा कोणाला बोलले नाही.

उजव्या डोळ्याला मी हात लावलेला नाही.

रागावून झालं की मंडळाच्या देवयानीला फोन कर. यंदा गणपतीच्या डोळ्यांसाठी दुसरं कोणी बघा म्हणावं. मला ते सांगवत नाही.

आजी