तक्रार नाही

१२ मे १९८१

आज सात नंबरच्या पेशंटने आमच्या धाकट्या नर्सला, प्रेमाला धरलं. चादरींच्या खोलीत, भर दुपारी! दार आतून लावलेलं. तिची किंकाळी ऐकून मी आणि शिपाई धावलो, दार ढकलून उघडलं म्हणून निभावलं. दंडावर पाचही बोटं उठलीत तिच्या.

याची शिक्षा कधीच संपली. बायकांना याच्यापासून धोका आहे म्हणून कोर्टाने आमच्या इस्पितळाच्या बंद वॉर्डात ठेवलाय. दर वर्षी कोर्ट विचारतं — अजून धोका आहे का?

रिपोर्ट लिहायला बसले नि हात थांबला. रिपोर्ट म्हणजे चौकशी. चौकशी म्हणजे, पोरगी एकटी तिथे गेलीच कशाला? जूनमध्ये तिचं काँट्रॅक्ट संपतंय. मी म्हटलं, नको लिहूया. ती म्हणाली, "ताई, तुम्ही म्हणाल तसं." रजिस्टरमध्ये वरच्या पाळीची ओळ खाली उतरवली — शांत आहे, सहकार्य करतो, तक्रार नाही. सगळ्याजणी तेच करतो. वाचतंय कोण मेलं!

१४ मे

प्रेमा एवढ्या उकाड्यात लांब बाह्यांचं घालून आली. 

२ जून

वाचलं! कोर्टात रजिस्टरचं पानन् पान वाचलं.

रजिस्टर इंग्रजीत, आणि इथल्या जज्जसाहेबांना इंग्रजी येत नाही. दुभाषे यूनुसभाई — आपल्या दापोलीचे — एकेक दिवस अरबीत सांगत गेले. तीच ओळ, वर्षभर. शेवटी शेवटी त्यांचाच आवाज बसला. आमच्या डॉक्टरांना याला सोडायचं नव्हतं, पण हातात काय? जज्जसाहेबांनी मला विचारलं, सही तुमची? हो. आणखी काही सांगायचंय?

नाही म्हणाले. बाहेर बाकावर प्रेमा बसली होती, आणि मी नाही म्हणाले!

येत्या मंगळवारी सुटणार. कोर्टाचं काय चुकलं? कारण नसताना माणसाला कोंडून ठेवू नये, बरोबरच आहे. कारण होतं. ते मी गिळलं.

जाताना यूनुसभाई म्हणाले, हरकत घ्यायची तर सोमवारपर्यंत मुदत आहे, पण काही घडलं असेल तर त्याच दिवशी लिहिलेलं काहीतरी हवं.

३ जून

सात नंबर फरवानिया वस्तीत भावाकडे राहणार म्हणे. प्रेमाची खोली फरवानियातच. ती रोज बसने येते.

दिनकरना सांगितलं. ते पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, सोडलं कोर्टाने, तू का जिवाला लावून घेतेस? अठरा वर्षांच्या संसारात नवऱ्याला एवढंच सुचलं. वर म्हणे, खोटं लिहिलं म्हणून तुझीच नोकरी जायची. ते मात्र खरं.

५ जून, शुक्रवार

प्रेमाकडे गेले. चहा दिला, पण समोर बसली नाही. दाराला नवी कडी लावून घेतलीय. म्हणाली, "ताई, आता तरी लिहा."

मी म्हटलं, "लिहिलंय. त्याच दिवशी. पण माझ्या रोजच्या वहीत, आणि तिच्यात तुझं नाव आहे."

तिने माझा रिकामा कप उचलला. मग म्हणाली, "असू दे."

७ जून

यूनुसभाई, तुम्हाला मराठी वाचता येतं. १२ मेपासून वाचा. नवऱ्याबद्दल लिहिलंय ते सोडून बाकी सगळं जज्जसाहेबांना सांगा. रजिस्टरमधलं अक्षर माझं आहे आणि हेही माझंच. यातलं हे खरं.