हसुरामबाबाच्या शेतात मेंढरं बसवली त्याची हकीकत

पिंपळवंडी, तालुका जुन्नर
वैशाख अखेर, सन २००४

तीर्थरूप म्हणण्याइतके तुम्ही मोठे नाही आणि चिरंजीव म्हणण्याइतके लहान राहिला नाहीत, म्हणून नुसतेच मेहुणे भगवंतराव यांस जानकूचा रामराम.

तुमची बहीण गजराबाई बरी आहे. गुडघा तेवढा दुखतो, पण त्याचा बोलण्यावर काही परिणाम नाही. घोडी बरी आहे, मेंढरंही बरी आहेत. तुमची, मुलाबाळांची आणि तुमच्या त्या काँक्रीट ढवळत फिरणाऱ्या गाडीची खुशाली कळवावी. फोनच करणार होतो, पण आळेफाट्याच्या डब्यात रुपया टाकला की घोडीच्या तब्येतीपर्यंत येतानाच तो संपतो, आणि मला तर बरंच सांगायचं आहे.

दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणात उतरायचं की हा धंदाच बंद करायचा, हे यंदा ठरवावं लागणार आहे. आमच्या आज्यापासून माळशेज उतरून पनवेलच्या अंगाला जायची रीत. भात कापलेल्या शेतात मेंढरं बसवायची, त्यांच्या लेंड्या-मुताचं खत शेताला आणि त्याबद्दल तांदूळ आपल्याला. तुम्ही लहानपणी आमच्याबरोबर एकदा आला होतात (आणि मुरबाडपासून घोडीवर बसून रडत होतात, ते असो). तेव्हा आपल्या मेंढरांचा वाडा कुणाच्या शेतात पडणार यावरून तिकडच्या शेतकऱ्यांची भांडणं व्हायची. कुणी सुकट आणून द्यायचा, कुणी चहा पाजायचा. हसुरामबाबा पाटील तर आम्हाला घ्यायला चार कोस चालत यायचा. असा मान आपल्याला लग्नातसुद्धा मिळाला नाही.

मधली पाच-सहा वर्षं आम्ही मुरबाडकडेच थांबत होतो; गेल्या दिवाळीनंतर पुन्हा पनवेलकडे उतरलो तर रस्ताच ओळखू येईना. जिथं ओढा होता तिथं पूल, जिथं पूल होता तिथं त्याच्या डोक्यावर आणखी एक पूल. टोलनाक्यावरच्या पोराने आम्हाला अडवलं. ट्रक, बस, कार सगळ्यांचे दर त्याच्या फळ्यावर होते, मेंढराचा नव्हता. त्याने साहेबाला विचारलं, साहेबाने मोठ्या साहेबाला, आणि तोवर मेंढरं मधल्या पट्टीवरची फुलझाडं खाऊन मोकळी झाली. मग त्यांनी आम्हाला फुकट सोडलं, आणि तेही पळवतच. पुढे सगळीकडे तुमचंच काम, भगवंतराव. गवताचं पान दिसेल तर शपथ. एवढी माणसं येतात कुठून आणि एवढं सिमेंट कोण पितं, हा हिशेब मला लागला नाही.

हसुरामबाबाचं शेत आम्ही आंब्याच्या झाडावरून ओळखायचो. आंबा नव्हता. सात मजल्यांची इमारत होती आणि तिच्या नावात समुद्र होता (खाडीसुद्धा दिसत नाही तिथून). शेत बिल्डरला गेलं आणि बदल्यात बाबाला दुसऱ्या मजल्यावर खोल्या मिळाल्या. मेंढरांचा आवाज ऐकून म्हातारा बनियनवरच खाली आला आणि आधी मला न भेटता मेंढरांच्या पाठीवरून हात फिरवत बसला. मग म्हणाला, वाडा आपल्या शेतातच पडणार. मी विचारलं, शेत कुठं आहे बाबा? त्याने गाड्या लावायच्या फरशीवर पाय आपटला. फरशी टाकली म्हणून शेत कुठं जातंय, असं त्याचं म्हणणं. मला तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं. पण त्याच्या तोंडाकडे बघून माझ्याच्याने म्हणवलं नाही, आणि दिवस मावळताना आम्ही मेंढरं गाड्यांच्या मधोमध बसवली.

सकाळी जे झालं ते लिहायला लाज वाटते. मेंढरू अंग घासायला गेलं की गाडी बोंबलायची, गाडी बोंबलली की कळप उडायचा, कळप उडाला की बाकीच्या गाड्या बोंबलायच्या. आपल्या काळ्या एडक्याला एका गाडीच्या चकचकीत दारात दुसरा एडका दिसला आणि त्याने त्याला जागेवर शिल्लक ठेवला नाही. सोसायटीचे सेक्रेटरी पळायच्या कपड्यात खाली आले. तिसऱ्या मजल्यावरची एक बाई गुलाबासाठी पिशवीभर लेंड्या फुकट मागायला आली. ऑफिसला निघालेले लोक लेंड्या चुकवत उड्या मारत होते. सेक्रेटरी म्हणाले, बाहेरच्या लोकांना आत सोडलंच कुणी? त्या इमारतीत कुणी केरळचं, कुणी बिहारचं, कुणी साताऱ्याचं. सगळ्यात जुनं बिऱ्हाड तीन वर्षांचं, आणि बाहेरचे आम्ही. गजराबाई पदर खोचून पुढे झाली. “आमी आज्या-पणज्यापासनं हितं येतोय, साहेब. तुमची भिंत नव्हती तवा आमचा वाडा व्हता.” त्यांना वाटलं, ही कोर्टात जाणार. मला मात्र भगवंतराव, त्या ‘बाहेरचे’ शब्दाचं फार वाईट वाटलं. अजून वाटतं.

भांडण मिटलं ते आम्ही निघतो म्हटल्यावर. हसुरामबाबाने उरलेल्या लेंड्या झाडून वर नेल्या. त्याच्या गॅलरीत निळं पिंप आडवं कापून त्यात माती भरली आहे, तिथं तो पावसाळ्यात मूठभर भात लावतो. मग तांदूळ द्यायला खाली आला. दुकानातली पिशवी, शिवणसुद्धा न उसवलेली. मी घेत नव्हतो, पण शेतात मेंढरं बसली की तांदूळ द्यायलाच हवा, यावर तो अडून बसला. पिशवी घोडीवर चढवताना माझा हात धरून म्हणाला, “पुढचे साली येव नको रं जानकू. मना बघवत नाय.” चार महिने तसेच कुठं रेल्वेच्या कडेने, कुठं बंद कारखान्याच्या आवारात काढले आणि वर आलो. तो तांदूळ अजून शिजवलेला नाही.

तरीही मी ठरवलं आहे की दिवाळीनंतर उतरायचंच. तुमच्या सिमेंटने सगळा मुलूख खाल्ला तरी मेंढरापुरती जागा राहील. घरातल्या थोरांना नमस्कार, धाकट्यांना आशीर्वाद, आणि तुम्हाला यातलं जे शोभेल ते.

तुमचा,
जानकू

ता. क. शिनोलीची मंडळी आपल्या सावळ्याला बघून गेली. मुलगी चांगली आहे, आपल्या पोरालाही पसंत आहे. पण तिचा बाप म्हणाला, “मेंढरामागं फिरणाऱ्याला पोरगी न्हाई द्यायची, पावणं. पनवेलकडं कामाला असंल तर लगेच सुपारी फोडू.” तरी सावळ्याला तुमच्या गाडीवर क्लीनर म्हणून घ्यावं आणि स्वयंपाकघरात निजायला जागा द्यावी. वर सिमेंटबद्दल जे लिहिलं ते मुकादमाला दाखवू नये.

ता. क. आणखी एक. सावळ्या तिकडे आला की आम्हा दोघा म्हाताऱ्यांच्याने कळप घाट उतरणार नाही, हे मला कळतं. आळेफाट्याचा व्यापारी मेंढरं बघून गेला, त्याला दिवाळीनंतर ये म्हणून सांगितलं आहे. तुम्ही गाडी घेऊन सगळीकडे फिरता. तोवर जाता-येता एखादं मोकळं शेत दिसलं तर कळवा. सावळ्याचं काम आधी बघा. आणि शेत दिसलंच नाही, तर तसं पत्र मात्र पाठवू नका.