गिरमिटानं काढलेली माती

मंगळवार, १२ नोव्हेंबर १९५७
बुधरीनं आजही दूध टाकलं. नऊ महिन्याची पोरगी, उचलली का कापसावानी लागते. सासूबाई म्हणतात नजर लागली. गाव म्हणते विहीर — डेपोत लाकडाले कीड लागू नये म्हणून काळं औषध लावतात, तेच जमिनीतून झिरपलं.
पण विहीर तं साऱ्यायची. मंग माहीच पोरगी काऊन?

बुधवार, १३
नागपूरचा साहेब माती पाह्याले आला. पाव्हणा येते म्हणून मी सकाळीच विहिरीभोवती पांढऱ्या मातीनं सारवून ठेवलं होतं. त्यानं कपाळाले हात लावला. "बाई, मले जशी होती तशीच माती पाह्यजे होती."
सासूबाई म्हणाल्या, "घ्या साहेब, लई निटस सून आहे आमची." सारे हासले. मी घरात पळाली.
मंग दारातून पाह्यलं. त्याच्यापाशी गिरमिट आहे — सुताराच्या गिरमिटाचा बापच. पिळत पिळत खाली जाते अन् माती वर आणते. हातभर खालची एका डब्यात, दोन हात खालची दुसऱ्यात. एकमेकीत मिसळू देत नाई. डेपोपासून विहिरीपर्यंत भोकं पाडत आला. मंग दूर मोहाच्या झाडाखाली गेला. राहावलं नाई, बोलून गेली — "तिथली तं चांगली आहे, ते काऊन घेता?"
"चांगली कशी असते ते माहीत नसलं, तं वाईट कशी ओळखू?"
माहं सारवणही खरडून डब्यात टाकलं त्यानं.

गुरुवार, १४
साहेबानं माहा तवा मागून नेला. त्याच्यावर चिमूटभर माती तापवते अन् वास घेते. मलेही घेऊ देला. मोहाखालची — साध्या मातीचा वास. डेपोजवळची — नाक जळलं. विहिरीजवळची, खालची सारी — साधी.
"औषध इथवर पोचलं नाई. पाणी प्या."
सासूबाई हरखल्या. मी नाई. मंग पोरगी कशानं सुकून राह्यली?
शेवटी माहं सारवण तापवलं. नाक जळलं.
"बाई, ही माती कुठची?"
डेपोखालच्या खड्ड्यातली. बाकीच्या बाया मातीसाठी नाल्यावर जातात. मले पोरगी कडेवर घेऊन तेवढं दूर जमत नाई. घरही त्याच मातीनं सारवतो मी.

शुक्रवार, १५
घरातलं सारवण खरडून काढलं. बुधरीले जिथी बसवतो, तो चुलीजवळचा कोपरा उरला होता. तो आधीच खरडलेला — इवल्या इवल्या नखाच्या रेघा.
खात होती.