विहिरीचे कलम

मी, खाली सही करणारा, धंद्याने बुकबाइंडर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहितो. डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे; बायको असती तर तिने दिला नसता. कोणाची जबरदस्ती नाही. याआधीची माझी सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत. ती सगळी ग्रंथाच्या कलमाशी अडली. आजही मी सारखा उठतो, खिडकीशी जातो, परत बसतो.

१. दुकान व मागची खोली, माझी स्वकष्टार्जित मिळकत, मुलाला द्यावी. दाराची कडी वर उचलून ओढावी लागते, हे त्याला अजून जमत नाही.

२. पुस्तके दाबायचा शिकंजा, दाभणे व मेणाचा गोळा लेकीला. ती नर्स आहे, माझ्यापेक्षा बारीक टाके घालते आणि तसे ऐकवतेही.

३. मोठी कात्री शेजारच्या शिंप्याने नेली आहे. ती मी त्याला केव्हाच देऊन टाकली, पण नेली हे त्याने एकदा कबूल करावे.

४. आता ग्रंथ. तो फाटून माझ्याकडे बांधायला आला, न्यायला कोणी फिरकले नाही. त्याच्याच सुट्या पानांवर मी अक्षरे शिकलो. मुलगा म्हणतो, "आप्पा, काचेच्या कपाटात ठेवतो, कुणाला हात लावू देणार नाही." त्याची माया खरी, पण न उघडलेल्या पुस्तकाची पाठ ताठरते आणि पुढे उघडताना मोडते. म्हणून ग्रंथ त्याला नको.

तो माझ्या थोरल्या भावाला, दादाला, द्यावा. दादाने जन्मभर विहिरी खोदल्या. त्याला वाचता येत नाही. संध्याकाळी मी वाचायचो, तो ऐकायचा. ग्रंथात एका नगरीच्या मधोमध न आटणारी विहीर आहे, तिचे पाणी पिणारा मरत नाही. मी म्हणालो, दादा, नगरी म्हणजे आपणच, विहीर आपल्या आत आहे. तो म्हणाला, "आत आहे ना? मग दोन पानं वाचली की तुझा घसा का कोरडा पडतो?" मी चिडून ग्रंथ मिटला. तेव्हापासून तो आला नाही, मीही गेलो नाही.

आता उत्तर सुचले आहे आणि ते मला बसू देत नाही. दादा, घसा कोरडा पडला हे ज्याला कळते, ते स्वतः कोरडे पडत नाही. दात गेले, गुडघे गेले. ते मात्र पान उघडले की पहिल्या दिवसाइतके ताजे असते. मी त्यालाच विहीर म्हणतो. पण ग्रंथ मिटला की पुन्हा शंका येते. "दाखव" म्हणणारा समोर नसला की माझीच खात्री पटत नाही.

लेकीने दादाला वाचून दाखवावे. पाने सैल झाली की पुन्हा शिवावीत. साक्षीला या म्हणून दादाला निरोप धाडला आहे. तो आला नाही, तर हेही कलम अडले असे समजावे.

ठिकाण: दुकानामागची खोली. तारीख: ९ जून.
सही: बुकबाइंडर

साक्षीदार पहिला: शेजारचा शिंपी. थोरल्या भावाला मी सगळे मोठ्याने वाचून दाखवले. कात्री नेली, कबूल.

साक्षीदार दुसरा: थोरला भाऊ, अंगठा. तो बोलला ते शिंप्याने लिहिले: "शिंपी सांगतो, साक्षीदाराला वारसा मिळत नाही. अंगठा दिला की ग्रंथ गेला माझा. जाऊ दे, लेकीला दे. मला वाचता कुठे येतं? तुझं उत्तर ऐकलं, पटलं नाही. उद्या संध्याकाळी येतो. तू वाच, पाण्याचा तांब्या मी आणतो."