पोरीच्या हातची मिरचीची भाजी

डोणगाव,
मार्गशीर्ष वद्य नवमी

तीर्थस्वरूप सौ. अक्कास,

धाकट्या शेषरावाचा नमस्कार. साष्टांग घालणार होतो, पण सध्या माझी कंबर अर्ध्यातच थांबते, म्हणून उभ्याउभ्या घातलेलाच गोड मानून घे. (कमरेचं कारण पुढं येईल.) इकडे सर्व खुशाल आहे, म्हणजे बैल खुशाल आहेत, विहिरीला पाणी आहे आणि मका जोरात आला आहे. माणसांचं हळूहळू सांगतो. भाऊजींचा गुडघा कसा आहे? थंडीत तो जास्त धरत असेल. त्यांना म्हणावं लॉजचा जिना चढू-उतरू नका. गल्ल्यावर बसूनसुद्धा स्वयंपाक्यावर ओरडता येतं. तुझी विमल माझ्याकडे मजेत आहे. तिच्याचबद्दल हे पत्र आहे, आणि तू ते बसून वाचावंस अशी माझी विनंती आहे.

साखरखेर्ड्याचे माणिकराव मुलगी पाहायला येऊन गेले. तुला आठवत असेल, त्यांनीच निरोप धाडला होता की लॉजात येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या गर्दीत मुलगी काय पाहायची, त्यापेक्षा मामाच्या घरी निवांत पाहू, गावही जवळ पडतं. आपल्यालाही ते बरं वाटलं. पौष लागला की बोलणी बंद, म्हणून दिवस लगेच ठरला. थंडी तर अशी पडली आहे की सकाळी बैलांच्या नाकातून इंजिनासारखी वाफ निघते. तेव्हा मीच सुचवलं की घरात अवघडून बसण्यापेक्षा शेतात शेकोटीजवळ बसू, गरम मिरचीची भाजी करू आणि तिच्यासोबत मक्याचे पानगे. (हा मका ब्लॉक ऑफिसातल्या शेतीच्या साहेबांनी आग्रहानं पेरायला लावलेला. संकरित आहे. कणसं हातभर आली, पण गावात कोणी विकत घेईना, ज्वारी सोडून ढोरांचं खाणं कोण खातो म्हणून. त्यामुळे दोन महिने झाले आम्ही आणि ढोरं, दोघंही तो खात आहोत.)

बेत तुझ्या भावजयीचा, रुखमाचा होता, हातही तिचाच लागणार होता. पण नेमकी त्याच सकाळी ती बाजूला बसली. आता तू म्हणशील, विमल होती ना. अक्का, राग मानू नकोस, पण जिच्या बापाच्या घरी स्वयंपाकी पगारावर आहे त्या मुलीला चूल माहीत असणार कशी? तिनं मला खरं सांगितलं की तिला चहा येतो आणि मॅट्रिकचं गणित येतं. शिवाय जिला पाहायला येणार तिचे डोळे धुरानं लाल करून कसं चालेल? आधीच दोन ठिकाणचे लोक ‘कळवतो’ म्हणून गेले ते गेलेच. एकांना मुलगी उंच वाटली, दुसऱ्यांना जास्त शिकलेली. तेव्हापासून पाहुण्यांचं नाव निघालं की पोरगी सुई-दोरा घेऊन बसते आणि मान वर करत नाही. मला ते बघवत नाही. हे स्थळ हातचं जाऊ द्यायचं नाही असं मी मनाशी पक्कं केलं होतं, आणि म्हणून बाह्या सरसावून चुलीपाशी मी बसलो.

रुखमा लांब बोरीखाली पोत्यावर बसून हुकूम सोडणार आणि मी करणार, असं ठरलं. मिरच्या तोडायला मी धुक्यात गेलो. तुला आपले वाफे माहीत आहेत. विहिरीजवळ जाड, पोपटी मिरची, ती भाजीची. तिच्या पलीकडे ती बारीक, काळपट, आभाळाकडे तोंड करून उभी राहणारी, जिला आपण वाळवून चिमटीनं वापरतो. नाकापर्यंत घोंगडं ओढलेलं, बोटं बधिर, मी कोणत्या वाफ्यात शिरलो ते देवालाच माहीत. ओंजळी भरभरून टोपली आणली, तुरीची डाळ आणि वांग्यांबरोबर गंजात टाकली, शिजवली, घोटली, वर लसणाची फोडणी दिली. बोरीखालून रुखमा सगळं पाहत होती. घोटून झाल्यावर तिनं शांतपणे विचारलं की बारक्या मिरच्या काऊन घेतल्या? तेव्हाच का नाही बोललीस, असं मी विचारलं. ती म्हणाली, “मले वाटलं तुमच्या मनात काही असन.”

मी बोटभर चाखून पाहिली. आधी काहीच लागलं नाही. मग कान गरम झाले. मग मी विहिरीकडे निघालो आणि बराच वेळ तिथंच होतो.

पाहुण्यांना यायला अवकाश होता, म्हणून उपाय सुरू केले. पाणी घातलं तर भाजी पातळ झाली. मक्याचं पीठ लावलं तर इतकी घट्ट झाली की पळी उभी राहिली. पुन्हा पाणी. गूळ घातला. ताक घातलं. शेंगदाण्याचं कूट घातलं. तिखट तसूभर हटलं नाही, भाजी मात्र वाढत गेली, आणि लहान गंज पुरेना म्हणून ती मोठ्या गंजात ओतायला मी एकटाच उठलो. कमरेत तेव्हा उसण भरली. (रुखमाला हात लावता येत नव्हता आणि विमल घरी साडी नेसत होती.) वाकलेल्या अवस्थेत मी लाकूड पुढं सारलं, तर एक निखारा उडून सरळ भाजीत पडला आणि चुर्र झाला. चिमट्यानं काढला. त्यानंतर भाजीला जो वास लागला तो मी तुला सांगू शकत नाही, पण वाईट नव्हता.

पानग्यांचं तर विचारूच नकोस. अर्धं पीठ भाजीनं खाल्लं. उरलेलं मळायला घेतलं तर ते धरून राहीना. थापावं तर भुरभुर सुटे. शेवटी त्यात उकडलेला भोपळा कुस्करला, कढत पाण्यानं मळलं, पळसाच्या दोन-दोन पानांत दाबून गोवऱ्यांच्या आरात पुरलं. वरून काळेकुट्ट आणि आत पिवळेधमक असे पानगे निघाले. करपलेलं खरवडून काढलं आणि तूप सोडलं. तुपानं बरंच झाकलं जातं.

मग बैलगाडी आली. माणिकराव, त्यांचा मुलगा भगवंत आणि गाडी हाकणारा. मुलगा मला आवडला. शेतीच करतो, पण ऑइल इंजिन स्वतः खोलतो आणि स्वतःच बसवतो, आणि बसवल्यावर ते चालतंही. बोलतो कमी. विमलनं पाण्याचे तांबे आणून ठेवले, नमस्कार केला आणि बाजूला उभी राहिली. मी वाढायला घेतलं, आणि अक्का, तोंडाला सवय म्हणतात ती अशी. मुलगी पाहायला आलेल्या लोकांसमोर कुठलाही यजमान जे म्हणतो तेच मी म्हणून गेलो, की सगळं पोरीनंच केलंय बरं का. बोरीखाली रुखमाला जोराचा ठसका लागला. विमलनं माझ्याकडे पाहिलं. शब्द तोंडातून निघून गेला होता.

पहिला घास घेतल्यावर माणिकराव बोलायचे थांबले. त्यांच्या कपाळावर भर थंडीत घाम फुटला आणि डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. पण मोठं घर, मोठा माणूस. पाहुण्यानं ताटातलं टाकायचं नाही या रीतीला ते धरून राहिले. आणि ताट रिकामं दिसलं की यजमानानं वाढायचं, या रीतीला मी. ते संपवत होते आणि मी वाढत होतो. नको म्हणाले असते तर मी थांबलो असतो. मी थांबलो असतो तर ते सुटले असते. त्यांना सोबत म्हणून मलाही खावं लागत होतं. आम्ही दोघं समोरासमोर बसून रडत होतो आणि पावसापाण्याचं बोलत होतो. मुलगा मात्र मधेच उठून विहिरीकडे गेला. विमल त्याला पाणी शेंदून द्यायला गेली ती बऱ्याच वेळानं आली. शेवटी माणिकरावांनी हात धुतले, पंच्यानं सगळं तोंड पुसलं आणि एवढंच म्हणाले, “थंडी गेली.” जाताना गाडीत बसल्यावर म्हणाले, “कळवतो.”

हा शब्द ऐकला आणि माझं काळीजच बसलं. विमलनं मात्र त्या संध्याकाळी सुई-दोरा काढला नाही. तिसऱ्यांदा पोरीच्या नशिबी माझ्यामुळं हे यावं, याचं मला फार वाईट वाटलं. घडलं ते सगळं तुला कळवलं. भाऊजींना सांगताना मिरच्यांचा भाग गाळ. थोरांना माझा नमस्कार पोचव, आणि तो किती वाकून केला हे विचारू नको म्हणावं.

तुझा भाऊ,
शेषराव

ता. क. पत्र पाकिटात घालणार तेवढ्यात मेहकरच्या यष्टीच्या कंडक्टरनं माणिकरावांचा निरोप आणला. अक्का, त्यांना भाजी आवडली! त्यांची आई गेल्यापासून त्यांच्या घरी कोणी अशी जाळ भाजी करत नाही म्हणे. येत्या रविवारी शेगावला दर्शनाला येतात, मग तुझ्याकडे बोलणी करायला येतील, आणि तीच भाजी, तेच पानगे त्यांना पुन्हा खायचे आहेत. आता माझी खरी विनंती. मी विमलला उद्याच्या गाडीनं पाठवतो. रविवारपर्यंत तिच्याकडून ही भाजी घोटून घे. कृती वर सविस्तर लिहिलेली आहे, त्यातलं काही सोडू नको. मक्याचं पीठ, गूळ, ताक, कूट, पानग्यांत भोपळा, सगळं त्याच क्रमानं. निखारासुद्धा टाकायला लाव. मिरच्या सोबत पाठवतो.

पुन्हा ता. क. वरचं सगळं रद्द समज. हे पत्र मी रुखमाला मोठ्यानं वाचून दाखवत होतो, ते ऐकून विमल आतून बाहेर आली. तिनं त्याच दिवशी विहिरीवर मुलाला सांगून टाकलं होतं, की भाजी मामानं केली, मला पानगासुद्धा उलटता येत नाही. मी कपाळाला हात लावला. म्हटलं, “काऊन सांगतलं, पोरी?” तर ती म्हणते कशी, “मामा, खोटं सांगून गेली असती, त जन्मभर मले तेच रांधा लागलं असतं.” मग तो काय म्हणाला, हे मी भीत भीत विचारलं. ती आधी हसली. अक्का, दोन वर्षांत मी तिला अशी हसताना पाहिलं नव्हतं, माझे डोळे भरून आले, आणि या वेळी मिरचीचा संबंध नव्हता. चौथा तांबा पिऊन झाल्यावर तो तिला म्हणाला होता, “मंग माह्याकून होकार हाय. मले वाटलं, रोज हेच खा लागते.”

तेव्हा पोरीला ही भाजी चुकूनसुद्धा शिकवू नकोस. माणिकरावांच्यापुरती करायला मी शनिवारी येतो, आणि जावईबापूंसाठी तुमच्या स्वयंपाक्याला साधा वरणभात टाकायला सांग.