एकमताचा मतदारसंघ

तीर्थस्वरूप मामांना साष्टांग नमस्कार.

इकडे आम्ही सगळे बरे आहोत. तुमचे गुडघे, तुमचा चष्मा आणि तुमचा राग यांची प्रकृती कशी आहे ते कळवावे. (तिसऱ्याची चौकशी आईने खास करायला सांगितली आहे.)

आपला मतदारसंघ फेररचनेत मोडला, अर्धा पूर्वेकडच्यांना आणि अर्धा पश्चिमेकडच्यांना गेला, हे तुम्ही पेपरात वाचलंच असेल. नगरभवनात त्याच्या इतिहासाचं प्रदर्शन भरवायचं ठरलं आणि ते काम माझ्या गळ्यात पडलं. (गणिताच्या मास्तरला भरपूर रिकामा वेळ असतो असा इथे समज आहे.) या मतदारसंघाची हद्द म्हणे एका साहेबाने नकाशावर चहाचा कप उपडा ठेवून आखली होती. पहिल्या खासदाराने रेल्वे आणतो म्हणून सांगितलं, दुसऱ्याने नुसतं स्टेशन बांधलं (आज तिथे पिठाची गिरणी आहे), आणि तिसरा तो, ज्याने तुम्हाला एका मताने पाडलं. प्रदर्शनाचा बोर्ड रंगवणाऱ्याला मी 'एकसदस्यीय संसदीय मतदारसंघ' असं लिहायला सांगितलं होतं. फळी पुरेना, म्हणून त्याने आपल्या अकलेने 'एकमताचा मतदारसंघ' लिहून टाकलं. जिथे नळाला पाणी किती वाजता सोडावं यावरही कधी एकमत झालं नाही, त्या भागाला हे नाव. मी उखडलो, तर तो शांतपणे म्हणाला, "मास्तर, एका मतानेच गाजला ना तो?"

आणि मामा, खरंच तसं आहे. तुमच्या फोटोसमोर माणसं आवाज खाली करून उभी राहतात, आणि मग प्रत्येक जण मला बाजूला घेऊन सांगतो की तुम्हाला पाडणारं ते एक मत त्याचं होतं. शिंपी नवरदेवाच्या कोटाची एक बाही तशीच सोडून धावला होता. दातांचे डॉक्टर रोग्याला तोंड उघडं ठेवून बसायला सांगून गेले होते. टपाल कचेरीतल्या बाईही ते मत आपलंच म्हणतात, आणि त्या तेव्हा पाळण्यात होत्या. मी आधी हसलो. मग घरी येऊन हिशेब मांडला आणि थक्क झालो. यांच्यातल्या कुणीही एकाने बाजू बदलली असती तर तुम्ही निवडून आला असता, म्हणजे गणिताने सगळेच खरं बोलतात. (पाळणा सोडून.) जन्मभर आकडे शिकवले, पण एक हा आकडा एवढा मोठा असतो हे मला ठाऊक नव्हतं.

तुमचा भाचा,
मास्तर

ता. क. पत्र लिहिण्याचं खरं कारण असं की समारोपाला तो बोर्ड तुमच्या हाताने उतरवावा असं सर्वांचं म्हणणं आहे. निकालाच्या संध्याकाळी तुम्ही गाव सोडलंत ते परत फिरकला नाहीत. आता यावं. शिंप्याला आणि डॉक्टरांना मी मागच्या रांगेत बसवीन.

आणखी ता. क. पत्र आईला वाचून दाखवलं. ती हसली नाही. म्हणाली, पुढचं मी सांगते तसंच लिही: "दादा, ते मत शिंप्याचं नाही न् डॉक्टरांचंही नाही, माझं आहे. निवडून आलास तर राजधानीत राहशील, मला दिसायचा नाहीस, म्हणून तुझ्याविरुद्ध शिक्का मारला. आणि तू हरून गेलास तो गेलासच. आता ये."